छोट्या बोटीवर जादा पेट्रोल न्यायचे असल्यास कॅन कोणता घ्यावा?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

देवबागला आमची १८ फुटी फायबरची उघडी बोट आहे. तिला १५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन असून त्यासोबत २४ लिटरची लाल प्लास्टिकची टाकी आहे. कर्ली नदीत आणि किनाऱ्यालगत फिरताना ही टाकी पुरून उरते. आता मात्र गळाच्या मासेमारीसाठी निवतीच्या खडकांकडे जायला सुरुवात केली आहे, आणि परतताना वारा समोरून असेल तर टाकीत किती उरले आहे याकडेच लक्ष लागून राहते. म्हणून जादा पेट्रोल सोबत ठेवायचे ठरवले आहे.

बाजारात पाहिले तर रसायनांचे धुतलेले निळे ३५ लिटरचे कॅन, खाद्यतेलाचे पांढरे कॅन, जीपच्या मागे लावतात तसे २० लिटरचे पत्र्याचे डबे आणि इंजिनच्या टाकीसारख्याच सुट्या टाक्या असे चार प्रकार दिसतात. यांच्या किमतींत बराच फरक आहे. प्रत्यक्ष समुद्रात वापरणाऱ्यांनी काय घ्यावे आणि काय टाळावे, हे कारणांसह सांगावे ही विनंती.

जुना तांडेल

खाडीकाठ, कॅन निवडण्याआधी किती पेट्रोल लागते ते पाहावे, कारण गरजेपेक्षा जास्त पेट्रोल बोटीवर असणे हाही धोकाच आहे. १५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण सहा ते सात लिटर पिते. वेग थोडा कमी केला की हा आकडा बराच खाली येतो. म्हणजे तुमची २४ लिटरची टाकी पूर्ण वेगात साडेतीन तासांच्या आसपास चालेल. जायला एक तृतीयांश, यायला एक तृतीयांश आणि उरलेले एक तृतीयांश राखीव, हा हिशेब जगभरचे लहान बोटवाले पाळतात आणि तो आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. या हिशेबात तुमचा पल्ला बसत नसेल तरच जादा पेट्रोल न्यावे, आणि तेही दहा ते वीस लिटरच्या वर नको.

आता मुख्य मुद्दा. कॅन पेट्रोल पंपापासून बोटीपर्यंत नीट आला, बोटीत नीट बांधला गेला, इथवर कोणताही बरा कॅन चालतो. खरी परीक्षा होते ती ते पेट्रोल इंजिनच्या टाकीत ओतताना. बोट आडवी डोलते आहे, इंजिन नुकतेच बंद केल्यामुळे तापलेले आहे, एका हातात वीस लिटरचा कॅन, दुसऱ्या हातात नरसाळे, आणि नरसाळे धरायला दुसरा माणूस नाही. अशा वेळी अर्धा लिटर सांडणे अगदी सहज होते, आणि ते सांडलेले पेट्रोल बोटीच्या तळातच जाऊन बसते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की समुद्रात पेट्रोल ओतायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था करावी. दुसरी टाकी तशीच घ्या, तिला त्याच मापाचा कनेक्टर बसवून घ्या, आणि पहिली संपत आली की नळी काढून दुसरीला लावा. नळीतला रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला की इंजिन पुन्हा चालू होते. पाण्यात सांडले तर चार थेंब सांडतील.

सगळे ओतणे धक्क्यावर, जमिनीवर ठेवून, दिवसाउजेडी करावे.

लोटे परिसर

मी लोटे परशुरामच्या एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात होतो, त्यामुळे तांडेलांच्या म्हणण्यामागचे शास्त्र थोडे मांडतो.

पेट्रोलचा ज्वलनबिंदू शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे. याचा अर्थ आपल्या हवामानात ते बाराही महिने पेट घेण्याजोगी वाफ सोडत असते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळे ती वर उडून जात नाही; बोटीच्या तळात, फळ्यांखाली, नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, बंद खणात साचून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की ठिणगी पुरते. आउटबोर्ड इंजिनला सेल्फ असेल, तळातले पाणी उपसायला विजेचा पंप असेल, बॅटरीचे टोक सैल असेल, तर ती ठिणगी बोटीतच तयार आहे. उघड्या बोटीला वाऱ्याचा फायदा मिळतो हे खरे. पण तो फायदा बंद खणात मिळत नाही, आणि पुष्कळ जण कॅन नेमका तिथेच ठेवतात, कारण तो तिथे दिसत नाही आणि पायात येत नाही.

दुसरी गोष्ट प्रसरणाची. पेट्रोल दर अंशाला साधारण एक हजारांश भागाने वाढते. सकाळी २५ अंशांना भरलेला २० लिटरचा कॅन दुपारी उन्हात ४५ अंशांना गेला तर आतले पेट्रोल सुमारे ४०० मिलिलिटरने वाढते. कॅन तोंडापर्यंत भरला असेल तर ही वाढ जायला जागाच उरत नाही. म्हणून किमान पाच टक्के जागा, म्हणजे २० लिटरच्या कॅनमध्ये एक लिटर, रिकामी सोडावी. झाकण उघडताना एकदम फिरवू नये. अर्धा आटा सैल करून दाब निघून जाऊ द्यावा आणि मगच पूर्ण उघडावे.

तिसरी गोष्ट स्थिर विजेची. प्लास्टिक विजेचे दुर्वाहक असल्याने त्यावर साचलेला भार निघून जायला वाट मिळत नाही. पंपावर कॅन गाडीच्या डिकीत, स्कूटरच्या पायठेवणीवर किंवा टेम्पोच्या प्लास्टिक अस्तरावर ठेवून भरू नये. तो खाली जमिनीवर ठेवावा, पंपाचा नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेला असावा आणि धार हळू सोडायला सांगावी. पत्र्याच्या डब्यालाही हाच नियम आहे, कारण नोझल टेकलेला असेल तरच डब्यावरचा भार त्यातून निघून जातो.

हर्णैचा वारा

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर ठेवून सांगतो की आमच्याकडे हर्णै बंदरात निळे ३५ लिटरचे कॅन सर्रास वापरतात. ते जाड असतात, पडले तरी फुटत नाहीत, गंजत नाहीत आणि स्वस्तात मिळतात. पत्र्याचा डबा खाऱ्या हवेत दोन हंगाम तरी टिकतो का, हा मला प्रश्न आहे. वर्षानुवर्षे ज्या वस्तूने काम दिले आहे तिला एकदम बाद ठरवू नये असे वाटते.

लोटे परिसर

हर्णैचा वारा, तुमचे निरीक्षण बरोबर आहे, पण त्या कॅनची सवय कुठून आली ते पाहावे. आपल्या किनाऱ्यावर लहान होड्यांची आउटबोर्ड इंजिने बराच काळ केरोसिनवर चालत होती. पेट्रोलवर चालू करून मग केरोसिनवर न्यायची. केरोसिनचा ज्वलनबिंदू ३५ अंशांच्या वर असतो. डिझेलही त्याच जातीचे. त्यामुळे केरोसिन किंवा डिझेल निळ्या कॅनमधून वाहताना जो बिनधास्तपणा खपून गेला, तोच पेट्रोलला लावता येणार नाही. कॅन तोच असला तरी आतला पदार्थ निराळा आहे.

त्याशिवाय, रसायनाचा वापरलेला कॅन असेल तर आधी त्यात काय होते हे विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. आम्लाचा किंवा ब्लीचचा अंश झाकणाच्या आट्यांत राहतो आणि धुतला तरी वायसरमध्ये मुरलेला असतो. खाद्यतेलाचे पांढरे कॅन तर पातळ असतात; त्यांची झाकणे तेल सांडू नये इतपतच बसतात आणि वाफेचा दाब धरत नाहीत. पाण्याच्या बाटल्यांबद्दल लिहायचीही गरज पडू नये, पण मी त्या बोटींवर पेट्रोलने भरलेल्या पाहिल्या आहेत, आणि तहानलेल्या मुलाच्या हाती अशी बाटली लागू शकते एवढे एक कारण त्या टाळायला पुरेसे आहे.

तरीही कोणी एचडीपीई प्लास्टिकचा कॅन घेणारच असेल तर तो नवा घ्यावा आणि त्यावरचा शिक्का वाचावा. धोकादायक मालासाठी तपासलेल्या कॅनवर वर्तुळात संयुक्त राष्ट्रांची खूण असते आणि पुढे '३एच१' असे लिहिलेले असते. याचा अर्थ झाकणाखेरीज वरचा भाग न उघडणारा प्लास्टिकचा जेरीकॅन. त्यापुढचे अक्षर महत्त्वाचे आहे. पेट्रोल दुसऱ्या धोकागटात मोडते, म्हणून तिथे एक्स किंवा वाय हवे, झेड चालत नाही. शेजारीच घड्याळाच्या तबकडीसारखा एक लहान गोल उठवलेला दिसतो. त्याच्या कडेने बारा महिने असतात, मधला बाण महिना दाखवतो आणि बाणाच्या दोन बाजूंना वर्षाचे दोन अंक असतात. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी अशा प्लास्टिक कॅनचे वय त्या तारखेपासून पाच वर्षे धरले जाते. उन्हात पडलेला कॅन त्याआधीही संपतो: पृष्ठभागावर हात फिरवल्यावर खडूसारखी पांढरी भुकटी लागली, किंवा मुठीच्या कोपऱ्यांशी केसासारख्या बारीक चिरा दिसल्या, तर तो पाण्यासाठीसुद्धा समुद्रात नेऊ नये.

पानगळ

मी वकिली करतो आणि रायगडमध्ये राहतो. अजून कोणी कायद्याबद्दल लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार २३ अंशांखाली ज्वलनबिंदू असलेले पदार्थ 'अ' वर्गात येतात, आणि पेट्रोल त्यात आहे. कलम ८ असे सांगते की विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे 'अ' वर्गाचे पेट्रोलियम बाळगायला परवाना लागत नाही. मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात असले पाहिजे, भांडे काचेचे किंवा दगडी मातीचे असेल तर एक लिटरपर्यंत आणि धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंत. या यादीत प्लास्टिक नाही. कलम ९ वाहनमालकाला आणखी सवलत देते: वाहनाच्या स्वतःच्या टाकीतले इंधन वेगळे धरून, त्याच वाहनासाठी १०० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय नेता आणि ठेवता येते. या कायद्यात वाहनाच्या व्याख्येत जलयानही येते, त्यामुळे बोटीची नोंदणी आणि चालवणाऱ्याची कागदपत्रे नियमानुसार असतील तर ही सवलत बोटमालकालाही आहे. पण इथेही भांड्याची अट कलम ८ चीच लागू होते, आणि साठा ३० लिटरच्या वर गेला तर तो माणसे राहतात किंवा काम करतात अशा खोलीशी जोडलेला नसलेल्या स्वतंत्र जागी ठेवावा लागतो. घराच्या पडवीत चार कॅन ओळीने लावून ठेवणे यात बसत नाही.

याशिवाय पेट्रोलियम नियम, २००२ मध्ये एक लिटरहून मोठे पेट्रोलचे भांडे मान्यताप्राप्त प्रकारचे असावे असे आहे. ही मान्यता देणारी पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना) ही केंद्र सरकारची संस्था नागपूरला आहे. डबा घेताना दुकानदाराला मान्यतेचा शिक्का दाखवायला सांगावा.

राहिला प्रश्न तांडेलांनी सुचवलेल्या दुसऱ्या टाकीचा. इंजिनला जोडलेली टाकी ही इंजिनची टाकी आहे, याबद्दल वाद नाही. न जोडलेली प्लास्टिकची टाकी मात्र माझ्या मते सुटे भांडे ठरते. दोन्ही टाक्या नळ्यांनी एका दुहेरी कॉकला जोडून ठेवल्या आणि कॉक फिरवून एकीवरून दुसरीवर गेलात तर दोन्ही इंजिनला जोडलेल्या राहतात. कायद्याच्या दृष्टीने मला ही मांडणी जास्त बरी वाटते.

सोलंट

मी मूळचा मालवणचा, सध्या इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला राहतो आणि इथेही लहान बोट ठेवतो. इथल्या २०१४ च्या नियमांत प्लास्टिकला मान्यता आहे, पण फक्त १० लिटरपर्यंत. धातूचा डबा २० लिटरपर्यंत चालतो, आणि बोटीची काढता-घालता येणारी टाकी ३० लिटरपर्यंत. प्रशासनाला न कळवता घरी एकूण ३० लिटर ठेवता येतात.

दोन देशांच्या नियमांत फरक असला तरी मला त्यातली मापांची मर्यादा विचार करण्यासारखी वाटते. २० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण १५ किलो, आणि पत्र्याच्या डब्याचे चार किलो धरले तर १९ किलो. ओहोटीच्या वेळी धक्का डोक्याच्या उंचीवर असताना हे वजन एका हाताने खाली बोटीत घेणे सोपे नाही. पाच किंवा दहा लिटरचे दोन डबे घेतले तर प्रत्येक डबा सहज उचलता येतो, एकात पाणी गेले तर दुसरा शाबूत राहतो, आणि बोटीच्या दोन बाजूंना बांधून तोलही राखता येतो.

जीपच्या मागचा तो पत्र्याचा डबा मूळचा जर्मन लष्कराचा, १९३७ चा. त्याच्या वर तीन मुठी आहेत, त्यामुळे एक माणूस रिकामे दोन-दोन डबे एका हातात धरू शकतो आणि भरलेला डबा दोघांना मिळून नेता येतो. मुठींच्या खाली हवेचा कप्पा ठेवलेला असल्याने तो नेमका भरला तरी पाण्यावर तरंगतो. बोटवाल्याच्या दृष्टीने हा गुण मोठा आहे. नकली डब्यांत मात्र हा कप्पा नीट नसतो आणि आटे असलेले साधे झाकण असते. मूळ रचनेतले खटक्याचे झाकण डब्यालाच जोडलेले असल्यामुळे हातातून निसटून पाण्यात जात नाही.

मिस्त्री वेंगुर्ला

मी आउटबोर्ड इंजिनांची दुरुस्ती करतो. कॅनमुळे इंजिनचे काय होते, तेवढे सांगतो.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. कोकणातल्या दमट हवेत अर्धवट भरलेला कॅन सैल झाकणाने महिनाभर पडला की त्यातले इथेनॉल पाणी पीत राहते, आणि एका मर्यादेनंतर पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून सुटून तळाशी बसते. टाकीतली शोषनळी तळातूनच इंधन घेते. त्यामुळे इंजिनला आधी तो खालचा थर जातो. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये मिसळलेले ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि खालच्या थरात ते जवळपास नसतेच. इंजिन फक्त बंद पडले तर नशीब म्हणायचे, नाहीतर पिस्टन धरतो, म्हणजे आतच अडकून बसतो.

यावरून तीन कामे निघतात. जादा पेट्रोल कधीही जुने होऊ देऊ नये. प्रत्येक फेरीनंतर राखीव टाकी पुढच्या फेरीला मुख्य म्हणून लावावी आणि ताजे पेट्रोल दुसरीत भरावे. इंजिन आणि टाकी यांच्या मध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा. आणि ऑइल आधीच मिसळून ठेवावे, कारण समुद्रात माप चुकते. ५० ला एक या प्रमाणात २० लिटरला ४०० मिलिलिटर ऑइल लागते. तुमच्या इंजिनचे प्रमाण पुस्तिकेत पाहून घ्यावे. मिसळलेल्या टाकीवर रंगाने तसे ठळक लिहावे, कारण साधे पेट्रोल चुकून टू-स्ट्रोकला गेले तर काही मिनिटांत इंजिन खराब होते.

पत्र्याच्या डब्याचा गंज हा हर्णैचा वारा यांचा मुद्दा खरा आहे. डबा तळाच्या शिवणीपासून गंजतो, कारण तिथे खारे पाणी अडून राहते. तो थेट बोटीच्या तळावर ठेवू नये. खाली रबरी चटई किंवा लाकडी पट्ट्या घालाव्यात, बोट वर आल्यावर गोड्या पाण्याने धुवावा आणि रंग उडाला की लगेच लावावा. आतून गंजलेला डबा डोळ्यांना दिसत नाही. पेट्रोल पांढऱ्या कापडातून गाळून पाहिले की तांबूस कण दिसतात. स्टेनलेस स्टीलचे डबे मिळतात, ते महाग आहेत, पण ज्यांची बोट रोज पाण्यात असते त्यांना परवडतात.

दुहेरी कॉकबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. जितके जोड जास्त तितक्या हवा ओढण्याच्या जागा जास्त, आणि नळीत हवा शिरली की इंजिन गचके देते. कॉक लावायचाच तर पितळी, पेट्रोलसाठीचा लावावा. प्रत्येक जोडाला स्टीलचा क्लॅम्प असावा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या असाव्यात. जुन्या नळ्यांचे आतले अस्तर इथेनॉलने सुटते आणि त्याच्या पापुद्र्यांनी कार्बोरेटर तुंबतो.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या तपशिलात उत्तरे येतील असे वाटले नव्हते. मी असे करण्याच्या विचारात आहे: पंपावरून आणायला मान्यतेचे दहा लिटरचे दोन धातूचे डबे, ओतणे सगळे धक्क्यावर, आणि बोटीत इंजिनच्या प्रकारची दुसरी १२ लिटरची टाकी दुहेरी कॉकने जोडून.

दोन शंका राहतात. उघड्या बोटीत ही दुसरी टाकी नेमकी कुठे ठेवावी? माझ्या बोटीला सावली अशी कुठेच नाही. आणि संगमाच्या तोंडाशी लाटा फुटत असताना टाकी बदलायची वेळ आली तर काय करावे?

जुना तांडेल

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते जास्त महत्त्वाचे आहे. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो आणि तिथे इंजिन बंद पडले तर बोट आडवी होऊन लाट आत येते. म्हणून टाकी तिथे बदलायचीच नाही. बाहेर खोल पाण्यात, दांड्यापासून बरेच अलीकडे थांबावे, पहिल्या टाकीत चार-पाच लिटर उरलेले असले तरी तेव्हाच भरलेल्या टाकीवर यावे, इंजिन पाच मिनिटे चालवून खात्री करावी आणि मगच आत शिरावे. टाकी पूर्ण कोरडी होईपर्यंत वाट पाहण्यात काही साधत नाही. तळाचा गाळ आणि पाणी मात्र इंजिनला जाते.

टाकी बदलताना झाकणावरचा हवेचा स्क्रू विसरू नये. चालू टाकीचा स्क्रू उघडा हवा, नाहीतर आत निर्वात होऊन पेट्रोल येणे थांबते आणि माणूस इंजिनमध्ये बिघाड शोधत बसतो. राखीव टाकीचा स्क्रू तिची पाळी येईपर्यंत घट्ट बंद असावा. नवख्या माणसाला बोट देण्यापूर्वी हे त्याच्याकडून हाताने करून घ्यावे.

लोटे परिसर

जागेबद्दल: इंजिन आणि बॅटरीपासून शक्य तितकी दूर, वारा खेळेल अशा ठिकाणी आणि बोटीच्या मध्याजवळ, कारण तिथे आपटणे सर्वांत कमी असते. नाळेकडे ठेवली तर प्रत्येक लाटेला ती उचलून आपटते आणि टाकीच्या मुठीशी चिरा पडतात. आडव्या फळीखाली ती बसत असेल तर फळीचीच सावली मिळते, मात्र दोन्ही बाजू मोकळ्या असाव्यात. फळी नसेल तर फिकट रंगाच्या कापडाचे छत टाकीपासून वीतभर वर ताणावे. ताडपत्री टाकीवर गुंडाळू नये, तिच्या आत वाफ साचते.

बांधायला रुंद पट्टा आणि एका झटक्यात सुटणारी कडी वापरावी, म्हणजे आग लागलीच तर टाकी पाण्यात ढकलता येते. बंद टाकी तरंगेल, कारण पेट्रोल पाण्याहून हलके आहे. म्हणूनच पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नये, आग पाण्यावर पसरते. कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताशी ठेवावे. ते टाकीजवळ टांगले तर आगीच्या वेळी हात तिथे पोचणार नाही.

पेट्रोल सांडले असेल तर कापडाने टिपावे, ते कापड बोटीत ठेवू नये, तळाच्या फळ्या उचलून वारा लागू द्यावा आणि नाक तळाशी नेऊन वास गेल्याची खात्री झाल्यावरच सेल्फ मारावा.

हर्णैचा वारा

केरोसिन आणि पेट्रोलचा फरक मी या अंगाने कधी पाहिला नव्हता. आमच्या बंदरातल्या मंडळींना तो सांगेन. एक विचारतो: जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि बोटी वर ओढलेल्या असतात. तेव्हा या टाक्यांचे आणि उरलेल्या पेट्रोलचे काय करावे?

मिस्त्री वेंगुर्ला

मे महिन्याच्या शेवटी खरेदी हात राखून करावी, म्हणजे उरणारच थोडे. ऑइल मिसळलेले पेट्रोल फोर-स्ट्रोक मोटारसायकलमध्ये घालू नये, म्हणून शेवटच्या फेऱ्यांत ते बोटीतच संपवावे. पावसाळाभर पेट्रोल ठेवणे टाळावेच.

टाकी रिकामी झाली म्हणजे धोका संपला असे समजू नये. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात, त्यामुळे ती भरलेल्या टाकीपेक्षा लवकर पेटते. झाकण काढून ती चुलीपासून आणि विजेच्या बोर्डापासून दूर, उघड्या सावलीत वास पूर्ण जाईपर्यंत ठेवावी, मग झाकण लावून आत घ्यावी. पत्र्याच्या डब्यात वाळल्यावर टू-स्ट्रोक ऑइलचे दोन चमचे टाकून डबा सगळीकडून फिरवला तर आत गंज धरत नाही. डब्याला किंवा टाकीला झाळ किंवा वेल्डिंग कोणाकडूनही करून घेऊ नये, ती कितीही धुतलेली असली तरी.

नारळी पौर्णिमेच्या आधी बोट पाण्यात उतरवताना झाकणांचे वायसर पाहावेत. ते कडक झालेले किंवा फुगलेले असतील तर बदलावेत, किंमत किरकोळ असते. नंतर टाकीत थोडे पेट्रोल घालून झाकण आणि हवेचा स्क्रू बंद करावा, टाकी उघड्यावर आडवी करावी आणि झाकणाच्या कडेला, कनेक्टरला व स्क्रूला साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर ती टाकी बोटीत चढवण्याआधी जोड पुन्हा बसवावा.